स्थिर रेघेचा इतिहास : ऑसिलोस्कोपचे नॉब आणि सोलापूरची वीजवाहिनी

१/
३१ डिसेंबर २०१३. देश नववर्षाच्या स्वागतात गुंतला असताना सोलापूरच्या माळरानावर एक मोठी घटना घडली आणि तिचा फारसा गाजावाजा झाला नाही. रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वीजवाहिनी त्या दिवशी कार्यान्वित झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एका ठेक्यात बांधले गेले. आजचा धागा त्या ठेक्याचा आहे. आणि तो ठेका डोळ्यांना दाखवणाऱ्या एका यंत्राच्या नॉबांचा इतिहास आहे.

२/
आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. दोन स्वतंत्र जाळ्यांत हे हेलकावे कधीच तंतोतंत जुळत नाहीत, एकात ४९.९, तर दुसऱ्यात ५०.०. पंढरीच्या वाटेवर दोन दिंड्या एकत्र येतात तेव्हा टाळांचा ठेका आधी जुळावा लागतो, मगच पावले जुळतात. विजेचेही तसेच आहे. ठेका न जुळवता दोन जाळी जोडली, तर प्रचंड प्रवाह उसळतो आणि यंत्रणा निकामी होऊ शकते. म्हणूनच २०१३ पर्यंत महाराष्ट्र आणि दक्षिणेमधली वीज चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी आधी एकदिश करून, मग पुन्हा प्रत्यावर्ती करून पलीकडे दिली जाई. तिथे दोन ठेके एकमेकांना कधी भेटतच नसत.

३/
आता एक कल्पना करा. टेबलावर दोन वाहिन्यांचा ऑसिलोस्कोप आहे. आपली मुले त्याला सीआरओ म्हणतात. २०१३ पूर्वीचा एखादा दिवस आहे. पहिल्या वाहिनीवर सोलापूरची लहर, दुसरीवर रायचूरची. दोन्ही रोहित्रांमधून उतरवून काही व्होल्टांवर आणलेल्या. पडद्यावर सोलापूरची लहर निश्चल उभी आहे आणि रायचूरची हळूहळू एका बाजूला सरकते आहे. आता ‘ट्रिगर सोर्स’ हा नॉब पहिल्या वाहिनीवरून दुसरीवर फिरवा. क्षणात रायचूर थांबते आणि सोलापूर चालू लागते. विजेत काहीच बदललेले नाही. बदलला आहे तो केवळ एक नॉब.
मग खरे स्थिर कोण? या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ. त्याआधी हे नॉब यंत्रावर आले कसे, ते पाहू.

४/
ऑसिलोस्कोपचा दर्शनी भाग प्रथम पाहणारा विद्यार्थी बहुधा गांगरतो. वीस-पंचवीस नॉब आणि कळा, प्रत्येकाखाली बारीक अक्षरे. परंतु हा पसारा कुणा एकाने एका बैठकीत रचलेला नाही. प्रत्येक नॉब म्हणजे त्या त्या काळी कुणाला तरी भेडसावलेल्या अडचणीचे उत्तर आहे. वाड्याच्या भिंतीत जशी वेगवेगळ्या पिढ्यांची दुरुस्ती दिसते, तशी या पॅनेलवर शंभर वर्षांची दुरुस्ती दिसते.

५/
पडदा नव्हता तेव्हा लहर कशी पाहत? १८८० मध्ये फ्रान्सच्या ज्यूल जुबेर याने जनित्राच्या आसावर एक संपर्क बसवला. आस फिरताना तो प्रत्येक फेरीत एकाच जागी क्षणभर जुळे. त्या क्षणीचे व्होल्टेज मोजायचे, संपर्क किंचित सरकवायचा, पुन्हा मोजायचे आणि कागदावर बिंदू मांडत जायचे. असे अनेक बिंदू जोडले की लहर तयार. ही पद्धत खरी होती, पण तिला एक अट होती : लहर दर फेरीत हुबेहूब तीच असली पाहिजे. एकदाच घडून गेलेली गोष्ट तिला दिसतच नसे.

६/
१८९७ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबर्गच्या कार्ल फर्डिनांड ब्राऊन याने आपल्या नळीचे वर्णन प्रसिद्ध केले. काचेच्या निर्वात नळीत ऋण किरणांचा झोत, समोर चमकणारा पडदा, बाजूला तारेचे वेटोळे. वेटोळ्यातून प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्रामुळे झोत वळे आणि पडद्यावरचा ठिपका हाले. विजेची चाल प्रथमच इतक्या हलक्या ‘लेखणी’ने उमटू लागली. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. युरोपात विजेचे आणि महाराष्ट्रात इतिहासाचे अस्सल साधन शोधण्याचा तो काळ. साधन हाती आले म्हणजे काम संपत नाही, त्याची पारख करावी लागते, हा धडा दोन्हींकडे सारखाच.

७/
ब्राऊनच्या ठिपक्याला एक उणीव होती. तो फक्त एका रेषेत वरखाली हाले. काळाची दिशा त्याला नव्हती. त्यासाठी ब्राऊन फिरत्या आरशातून पाहत असे. त्याचा सहकारी जोनाथन झेनेक याने १८९९ मध्ये दुसरे विचलन जोडले. ठिपका डावीकडून उजवीकडे समान गतीने जाई आणि झटकन परते. ‘टाइम/डिव्हिजन’ या नॉबचे मूळ इथे आहे. सोलापूरकरांना हे समजावून सांगण्याची गरजच नाही : हा मागावरचा धोटा आहे. उभी हालचाल मोजायच्या विजेची, आडवी धाव काळाची. ताणा आणि बाणा मिळून चित्र विणले जाते. फरक एवढाच की धोटा परतीच्या फेरीतही विणतो, तर किरण परतताना विझवलेला असतो.

८/
आता सर्वांत साधे दोन नॉब : ‘इंटेन्सिटी’ आणि ‘फोकस’. ब्राऊनच्या नळीला हजारो व्होल्ट लागत. पुढे तापलेल्या ऋणाग्राचा वापर सुरू झाला आणि १९२२ च्या सुमारास अमेरिकेत जे. बी. जॉन्सन याने सुमारे ३०० ते ४०० व्होल्टांवर चालणारी नळी घडवली. तिच्यात किंचित वायू ठेवलेला असे आणि तोच झोत एकवटून धरी. पुढच्या निर्वात नळ्यांत हे काम विद्युत्क्षेत्राकडे आले, तेव्हा ते हाताने जुळवणे शक्य झाले. म्हणून फोकसचा नॉब. इंटेन्सिटी गरजेपुरतीच ठेवावी. भगभगीत ठिपका एकाच जागी थांबला, तर पडद्यावरचा लेप कायमचा जळतो. जुन्या यंत्रांच्या मध्यभागी दिसणारा तपकिरी डाग म्हणजे कुणाच्या तरी घाईची खूण.

९/
सर्वांत दुर्लक्षित नॉब म्हणजे ‘ट्रेस रोटेशन’. बहुधा एक छोटे छिद्र, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवायचे. रेघ तिरपी दिसली तर ती याने सरळ करतात. पण ती तिरपी होते का? कारण पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे आणि तिचे क्षेत्र किरणाला ढळवते. टेबल फिरवून यंत्राचे तोंड पूर्वेऐवजी उत्तरेला केले, तरी रेघेचा तिरपेपणा बदलू शकतो. नळीभोवतीच्या वेटोळ्यात प्रवाह सोडून हा नॉब पृथ्वीचा तो परिणाम खोडून काढतो.

१०/
जो परिणाम आपण नॉबने पुसतो, तोच जपण्यासाठी महाराष्ट्रात एक अख्खी वेधशाळा हलवली गेली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून चुंबकीय कार्य १९०४ मध्ये अलिबागला नेण्यात आले. तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या साहित्याची बांधली. आजही तिथे नोंदी होतात. एकाचा गोंगाट हे दुसऱ्याचे संशोधन असते. काय पुसायचे आणि काय राखायचे, हे प्रश्नावर अवलंबून.

११/
आता ‘व्होल्ट्स/डिव्हिजन’. पडद्यावर साधारण ८ उभे आणि १० आडवे चौकोन आखलेले असतात. नॉब ५ व्होल्टांवर असेल, तर एक चौकोन म्हणजे ५ व्होल्ट. पायऱ्या १, २, ५ अशा वाढत जातात. त्याच नॉबच्या मध्यावर एक लहान नॉब असतो, ‘व्हेरिएबल’. तो ‘कॅल’ या खुणेवर असेल तरच चौकोनाची किंमत खरी. कुणी तो सहज फिरवून गेले, तर चित्र देखणेच दिसते, लहरीचा आकारही बरोबर असतो. चुकतो फक्त आकडा. प्रयोगवह्यांत कितीतरी चुकीची मोजमापे या छोट्या नॉबाने शिरतात, कारण चूक डोळ्यांना टोचत नाही.

१२/
शेजारची तीन टप्प्यांची कळ : ‘एसी–ग्राउंड–डीसी’. तिच्या नावावरून होणारा गैरसमज फार जुना आहे. डीसी म्हणजे ‘फक्त एकदिश वीज दाखवा’ असे नव्हे. डीसीवर सारे काही, जसे आहे तसे दिसते. एसीवर मध्ये एक संधारित्र येतो आणि स्थिर भाग अडवला जातो. १२ व्होल्टांच्या पुरवठ्यावरची अर्ध्या व्होल्टाची तरंगरेषा पाहायची असेल, तर हे उपकारक. पण एसीवर ठेवून ‘इथे १२ व्होल्ट नाहीत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे बखरीत उल्लेख नाही म्हणून लढाई झालीच नाही, असे म्हणण्यासारखे. ग्राउंडवर कळ नेऊन शून्याची रेघ कुठे आहे ते आधी पाहावे, ‘पोझिशन’ नॉबने ती हवी तिथे बसवावी, मगच मोजावे.

१३/
मोजायला लावलेली प्रोबसुद्धा निर्दोष नसते. दहापट प्रोबमध्ये ९ मेगाओहमचा रोध असतो आणि यंत्राच्या आत १ मेगाओहमचा. म्हणून संकेत एक दशांश होऊन आत येतो. परंतु केबलची धारकता जलद बदल विकृत करते. यासाठी दर्शनी भागावर चौकोनी लहर देणारे एक टोक असते, साधारण १ किलोहर्ट्झचे. त्यावर प्रोब लावून तिचा छोटा स्क्रू फिरवायचा. लहरीचे कोपरे गोलावलेले दिसले तर भरपाई कमी, शिंगे फुटलेली दिसली तर जास्त. काटकोन दिसेपर्यंत फिरवत राहायचे. ज्याचा आकार आधीच ठाऊक आहे ते आधी मोजून साधन पारखायचे, मग अज्ञाताकडे वळायचे. ऐतिहासिक कागदाचे अक्षर ज्ञात हस्ताक्षराशी ताडून पाहणारे वाचक ही रीत ओळखतील.

१४/
आता मुख्य नॉब. १९३०–४० च्या दशकांतील बहुतेक यंत्रांत आडवी धाव अखंड चालू असे. तिचा वेग हाताने लहरीशी जुळवायचा आणि संकेताचा थोडा अंश देऊन तिला बांधून ठेवायचे. चित्र उभे राही, पण डळमळे. आणि एका चौकोनात किती काळ मावतो, हे कुणी खात्रीने सांगू शकत नसे. ठिपका धावत होता, पण तो केव्हा निघाला हे ठरलेले नव्हते.

१५/
दुसऱ्या महायुद्धात रडारने हा प्रश्न ऐरणीवर आणला. रडारच्या पडद्यावर धाव नेमकी स्पंद सुटण्याच्या क्षणी सुरू झाली पाहिजे. अन्यथा विमानाचे अंतर कळणार नाही. युद्धकाळात रडारवर काम केलेला हॉवर्ड व्हॉलम आणि त्याचा सहकारी जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये अमेरिकेत टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली. १९४७ च्या त्यांच्या ५११ या यंत्रात धाव अखंड नव्हती. ती वाट पाहत थांबे. संकेत ठरलेल्या पातळीला पोहोचला की निघे, ठरलेल्या वेगाने एकदा धावे आणि पुन्हा थांबे. आडव्या अक्षाला आता काळाचे खरे माप मिळाले.

१६/
सोलापूरच्या विणकराला हेही परके नाही. ताण्याचे धागे दोन थरांत विलग होऊन मधे फट पडते, तेव्हाच धोटा फेकायचा. क्षणभर आधी फेकला तर धागे तुटतात. ट्रिगर म्हणजे ती फट ओळखणे. ‘लेव्हल’ नॉब सांगतो कोणत्या उंचीवर निघायचे; ‘स्लोप’ सांगतो चढताना की उतरताना. एकाच उंचीवरून लहर दर फेरीत दोनदा जाते, म्हणून दोन्ही लागतात. लेव्हलची खूण लहरीच्या शिखराहून वर गेली, तर तो क्षण कधी येतच नाही आणि चित्र सैरावैरा पळू लागते. नवशिक्या अशा वेळी टाइम/डिव्हिजन फिरवत बसतो. दोष तिथे नसतो.

१७/
‘ऑटो’ आणि ‘नॉर्मल’ यांतला भेदही ध्यानात घ्यावा. नॉर्मलवर क्षण आला नाही तर पडदा कोरा राहतो. ऑटोवर यंत्र थोडी वाट पाहून स्वतःच रेघ काढते. रेघ शोधायला ऑटो सोयीचा, पण क्वचित घडणारी घटना पकडायला नॉर्मलच हवा. कोऱ्या पडद्यालाही अर्थ असतो : अजून काही घडलेले नाही.

१८/
भारतात ही यंत्रे दीर्घकाळ आयातीचीच होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर इलेक्ट्रॉनिकीतील परावलंबन उघडे पडले. १९६३ मध्ये होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९६६ मध्ये आला. १९६२ सालीच ठाण्यात अप्लॅबची स्थापना झाली होती. पुढे या कंपनीचे ऑसिलोस्कोप महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पोहोचले आणि मराठी मुलांच्या कैक पिढ्यांनी पहिली लहर स्वदेशी पडद्यावर पाहिली. सोलापुरात वालचंद तंत्रज्ञान संस्था १९८३ मध्ये सुरू झाली, तोवर सीआरओ हा अभियांत्रिकी शिक्षणाचा नित्याचा भाग झाला होता.

१९/
आज अंकीय ऑसिलोस्कोपवर ‘ऑटोसेट’ असते. एक कळ दाबली की यंत्र स्वतः सारे नॉब जुळवते. सोय मोठी आहे. परंतु त्या कळेने कोणते निर्णय घेतले, हे वाचता आले पाहिजे. यंत्राने एसी निवडले की डीसी? ट्रिगर कुणावर ठेवला? हे न पाहता आकडा लिहिणारा विद्यार्थी यंत्राचा लेखनिक ठरतो, परीक्षक नव्हे.

२०/
आता सोलापूर–रायचूरच्या प्रश्नाकडे. २०१३ पूर्वीच्या त्या काल्पनिक पडद्यावर खरे स्थिर कोणीच नव्हते. ‘सोर्स’ नॉब एवढेच सांगतो की आपण कुणाच्या ठेक्यावर उभे राहून पाहतो आहोत. दोन जाळ्यांत ०.१ हर्ट्झचा फरक असेल, तर सरकणारी लहर १० सेकंदांत एक पूर्ण फेरी मागे पडते. त्या १० सेकंदांत एकदा दोन्ही लहरी तंतोतंत एकमेकींवर येतात. जाळी जोडायची ती त्या क्षणी, आणि तोही फरक आणखी घटवून. नियंत्रणकक्षात हेच काम वेगळी खास उपकरणे करतात, पण तत्त्व हेच.

२१/
धोका काल्पनिक नव्हता. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील सुमारे ६० कोटी लोकांवर परिणाम झाला. दक्षिण भारत वाचला, कारण त्याचा ठेका वेगळा होता. दीड वर्षाने सोलापुरात तोच वेगळेपणा आपण जाणीवपूर्वक सोडला. एकत्र आल्याने दक्षिणेची टंचाई उर्वरित देशाला भागवता येते आणि संकटाचा धक्का अनेकांत वाटला जातो. पण तो दूरवर पोहोचूही शकतो. म्हणून सतत पाहत राहणे आवश्यक झाले.

२२/
आज त्याच दोन लहरी पडद्यावर लावल्या, तर दोन्ही उभ्या राहतील. ट्रिगर कुणावरही ठेवा. त्यांच्यात फक्त एक छोटे आडवे अंतर दिसेल. ५० हर्ट्झला एक फेरी २० मिलिसेकंदांची, म्हणजे ३६० अंश. १ मिलिसेकंदाचे अंतर म्हणजे १८ अंश. जी लहर पुढे, तिच्याकडून मागच्या लहरीकडे वीज वाहते. हे अंतर वाढत गेले तर जोडणीवर ताण येतो आहे, असे समजावे. आता उपग्रहांच्या घड्याळाशी बांधलेली मापनयंत्रे देशभरातून हा कोन मोजतात. सोलापूरही नाही, रायचूरही नाही. तिसरा, सर्वांना समान असा ‘ट्रिगर सोर्स’.

२३/
महाविद्यालयात संधी मिळाली, तर हे करून पाहा. ९ व्होल्टांच्या रोहित्राचे उतरवलेले टोक सीआरओला लावा. कॅल जागेवर, कळ डीसीवर, ५ व्होल्ट आणि ५ मिलिसेकंद प्रति चौकोन. लहर वरपासून खालपर्यंत पाच चौकोनांहून किंचित अधिक आणि एक फेरी चार चौकोनांत दिसली पाहिजे. मग सोर्स ‘लाइन’वर न्या आणि लेव्हल, स्लोप फिरवून पाहा.
एक इशारा : प्रोबची काळी चिमटी यंत्राच्या अर्थिंगला जोडलेली असते. ती थेट भिंतीतल्या २३० व्होल्टांना कधीही लावू नका. आणि अडचण टाळण्यासाठी यंत्राची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नका. त्या क्षणी यंत्राची धातूची पेटीच जिवंत होते.

२४/
त्या लाइनवर जी लहर उभी राहील, तिचा ठेका सोलापुरात, रायचुरात आणि चेन्नईत आज एकच आहे. १ जानेवारी २०१४ च्या आधी जन्मलेल्या प्रत्येक वाचकाने तो वेगळा असल्याचा काळ अनुभवला आहे, फक्त तेव्हा ते कळले नव्हते.
धागा समाप्त. आपल्या प्रयोगशाळेतील जुन्या सीआरओची एखादी आठवण असल्यास खाली अवश्य लिहा.